दार उघडल्यानंतरची पाच मिनिटं

एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : "मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका संकेतस्थळावर माझी पावती पाहत होतो. ब्राउझरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा सहज एकाने वाढवला, तर भलत्याच माणसाची पावती उघडली. नाव, फोन नंबर, घरचा पत्ता सगळं. हे हॅकिंग झालं का? कंपनीला कळवू की गप्प बसू? आणि हॅकर लोकांची नीती म्हणतात ती खरंच असते, की चोरांनी स्वतःसाठी करून ठेवलेली पळवाट?"

शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

मी अठरा वर्षं पेनटेस्टर म्हणून काम करते आहे. म्हणजे कंपन्या मला पैसे देतात, लेखी परवानगी देतात आणि सांगतात, आमच्या सिस्टिममध्ये शिरून दाखवा. इतक्या वर्षांत नीतीवर फार छान बोलणारी माणसं पुष्कळ भेटली. त्यांच्या बोलण्यावरून मला कुणाचीच पारख करता आली नाही. पारख झाली ती नेहमी एकाच प्रसंगी : पासवर्ड लागला आहे, सर्व्हर उघडला आहे, आपण आत आल्याचा कुणाला पत्ता नाही, आणि समोर कुणाच्या तरी पगाराची यादी, कुणाची तरी खासगी पत्रं पडली आहेत. पुढच्या पाच मिनिटांत माणूस काय करतो ते बघायचं. माझ्या मते हॅकरची सगळी नीती त्या पाच मिनिटांतली आहे.

'हॅक' हा शब्द कंप्युटरच्या आधी खेळण्यातल्या आगगाडीला लागला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब होता. काही सभासद वरची चिमुकली स्टेशनं आणि डोंगर रंगवत बसायचे. काही जण टेबलाखाली पालथे पडून तारा आणि टेलिफोनचे जुने रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडायचे. त्या जंजाळात कुणी एखादी नामी जोडणी केली की ती 'हॅक'. १९५८ मध्ये तिथे टीएक्स-० नावाचा कंप्युटर आला आणि टेबलाखालची ही मंडळी त्याच्याभोवती जमली. तोवरचा अनुभव होता आयबीएम ७०४ चा : पंच केलेली कार्डं ऑपरेटरच्या हाती द्यायची आणि उत्तराची वाट बघायची, यंत्राला हात लावायची सोय नाही. टीएक्स-० समोर मात्र स्वतः बसता यायचं. रात्री कुणी नाव नोंदवलेलं नसलं की ती वेळ यांची.

१९६१ मध्ये पीडीपी-१ हा नवा कंप्युटर आला आणि पुढच्याच वर्षी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ चालू लागला. मूळ काम स्टीव्ह रसेलचं. पण त्याने पडद्यावर तारे कसेही विखुरले होते, ते पीटर सॅमसनला खटकलं. त्याने खऱ्या आकाशाच्या नकाशाबरहुकूम तारे बसवले. डॅन एडवर्ड्सने मधल्या सूर्याला गुरुत्वाकर्षण दिलं. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा, ते सुधारायचं आणि तसंच पुढच्यासाठी ठेवायचं, ही रीत इथली. स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने १९८४ च्या 'हॅकर्स' या पुस्तकात ती शब्दांत मांडली : यंत्रापर्यंत सगळ्यांना पोहोचू द्या, माहिती मोकळी असू द्या, वरून येणाऱ्या हुकमांवर विश्वास ठेवू नका, माणसाची पदवी किंवा वय विचारू नका, काम बघा.

मी विशीत हे वाचलं तेव्हा भारावून गेले होते. आज वाचताना एक गोष्ट टोचते. ही रीत ज्या खोलीत जन्मली तिथल्या यंत्रात कुणाचंच खासगी काही नव्हतं. होते ते खेळ, गणितं आणि एकमेकांचे प्रोग्राम. एमआयटीच्याच प्रयोगशाळेत नंतर पासवर्ड आले, तेव्हा तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी ते उलगडून लोकांना निरोप पाठवले की तुमचा पासवर्ड अमुक दिसतो, त्यापेक्षा नुसतं एंटर दाबत जा, सोपं पडेल. तिथे ते शोभून गेलं. हीच गंमत आज कुणी रुग्णालयाच्या सर्व्हरवर केली तर मी स्वतः तक्रार करीन. कुलूप तेच, पण आत ठेवलेली वस्तू बदलली.

(स्टॉलमन यांचं नाव निघालंच आहे म्हणून : त्यांचा खरा हॅक पासवर्डचा नव्हे. १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांना मोकळेपणी वापरता, बदलता येईल अशी सिस्टिम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. कॉपीराइटचा कायदा नक्कल अडवण्यासाठी असतो. त्याच कायद्याच्या जोरावर त्यांनी अट घातली की हा प्रोग्राम पुढे देणाऱ्याने वाटून घ्यायचा हक्कही सोबत दिलाच पाहिजे. सिस्टिमचे नियम न मोडता तिच्याकडून उलटं काम करून घेणं, याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.)

"माहिती मोकळी असावी" म्हणताना कुणाची माहिती, हा प्रश्न जर्मन लोकांनी नेमका पकडला. १९८१ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या केऑस कंप्युटर क्लबने जुन्या रीतीत भर घातली : सार्वजनिक माहिती वापरा, खासगी माहिती जपा, आणि दुसऱ्याच्या डेटात घाण करू नका. १९८४ मध्ये याच मंडळींनी जर्मन टपाल खात्याच्या बीटीएक्स या ऑनलाइन सेवेत एका बँकेच्या खात्यावर रात्रीतून १,३५,००० मार्कांचं बिल चढवलं. मग उघडपणे पत्रकारांसमोर सांगितलं आणि पैसे परत केले. हे बरोबर की चूक? आज माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं तर मी त्याला कामावरून काढीन. पण त्या काळी टपाल खातं सेवा सुरक्षित असल्याचं सांगत होतं, आणि या लोकांनी पैशाला हात लावूनही पैसा ठेवला नाही. पाच मिनिटांच्या परीक्षेत मी त्यांना काठावर पास करते.

एमआयटीत 'हॅक' चा आणखी एक अर्थ चालतो, तो म्हणजे इमारतींवर केलेल्या खोड्या. १९९४ मध्ये तिथल्या मोठ्या घुमटावर रातोरात पोलिसांची गाडी दिसली होती. म्हणजे गाडीचा सांगाडा लाकडी चौकटीवर चढवलेला. या खोड्यांचे संकेत मला पुस्तकातल्या नियमांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात : काही मोडायचं नाही, कुणाला इजा होऊ द्यायची नाही, आणि हे सगळं सुखरूप उतरवायचं कसं, याची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीचं हे कलम लक्षात ठेवा.

चिठ्ठी उशिरा पोहोचली तर काय होतं, ते २ नोव्हेंबर १९८८ ला जगाने पाहिलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक स्वतःहून पसरणारा प्रोग्राम सोडला. फाइली पुसायच्या नव्हत्या, पैसे चोरायचे नव्हते. प्रोग्राम नव्या यंत्रावर गेला की आधी विचारायचा, माझी प्रत इथे आहे का? असेल तर परत फिरायचं. मॉरिसला शंका आली की कुणी खोटंच "आहे" म्हणून त्याला अडवील. म्हणून त्याने ठेवलं की उत्तर "आहे" आलं तरी सातातून एकदा आत बसायचंच. हा सातचा आकडा भोवला. एकेका यंत्रावर प्रतींवर प्रती चढल्या आणि यंत्रं गुदमरली. तेव्हा इंटरनेटवर सुमारे ६०,००० यंत्रं होती, त्यांतली ६,००० च्या आसपास सापडली असा अंदाज धरला जातो. प्रकरण हाताबाहेर जातंय हे पाहून एका मित्राने कुणाचंही नाव न घालता उपाय सांगणारा निरोप पाठवला. पण ज्या जाळ्यातून तो जायचा तेच तुंबलं होतं. मॉरिसला तीन वर्षं देखरेखीची, ४०० तास समाजसेवेची आणि १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

नव्या मुलांना मी हे प्रकरण हमखास सांगते, कारण यात दुष्ट कुणी नाही. हेतू चांगला असण्याने कोड चांगला होत नाही. माझ्याकडूनही झालं आहे. उमेदवारीच्या काळात एका ऑफिसच्या नेटवर्कवर रात्री स्कॅन, म्हणजे प्रत्येक यंत्राची दारं ठोठावून बघणारा प्रोग्राम, लावून मी घरी गेले. पोर्ट ९१०० या क्रमांकाच्या दारावर प्रिंटर ऐकत असतात आणि जे येईल ते मुकाट्याने छापतात, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी प्रत्येक मजल्यावर निरर्थक अक्षरांच्या कागदांचा ढीग, आणि माणसं व्हायरस आला म्हणून घाबरलेली. परवानगी माझ्या खिशात होती. त्याने कागद परत कोरे झाले नाहीत. तेव्हापासून मला थांबवता येत नाही असं काहीही मी दुसऱ्याच्या चालू सिस्टिमवर सुरू करत नाही.

१९८४ सालचं आणखी एक सांगायला हवं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे एक जनक केन थॉम्पसन यांना त्या सुमारास ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे कंप्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मान, मिळाला. भाषणात त्यांनी कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चोरदरवाजा असा लपवून दाखवला की मूळ कोड कितीही वाचला तरी तो सापडू नये. आणि त्याच भाषणाच्या शेवटी, सिस्टिम फोडणाऱ्या पोरांचं वर्तमानपत्रांनी चालवलेलं कौतुक त्यांना मुळीच पसंत नसल्याचं सांगितलं : शेजाऱ्याचं दार उघडं असलं तरी आत शिरणं ते आत शिरणंच. फोडण्याची कला ज्याला सगळ्यांत जास्त येत होती त्याने हे म्हटलं, म्हणून मी ते मनावर घेतलं.

आता सगळ्यांत वादाचा भाग. सिस्टिमच्या सुरक्षेत भोक सापडलं, सांगायचं कुणाला, केव्हा आणि किती?

एके काळी कंपन्यांना कळवलं की त्या महिनोन्‌महिने गप्प बसायच्या. त्याला विटून १९९३ मध्ये बगट्रॅक ही टपालयादी निघाली. तिथे भोकाचा तपशील सरळ सगळ्यांसमोर टाकायचा, म्हणजे कंपनीला हलावंच लागे. या उघडपणाला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण आज दर महिन्याला मुकाट पॅच, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, येतात ते याच रेट्यामुळे. १९९८ मध्ये लॉफ्ट या हॅकरांच्या गटाचे सात जण आपापल्या टोपणनावांनी अमेरिकन सिनेटसमोर बसले आणि म्हणाले, आम्ही सातजण अर्ध्या तासात इंटरनेट निकामी करू शकतो. सांगितलं, केलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण डॅन कमिन्स्की या सुरक्षा-संशोधकाचं. २००८ मध्ये त्यांना डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतच, भोक सापडलं. कुठलीही नामांकित साइट टाइप करावी आणि भलतीकडेच पोहोचावं, असं करता आलं असतं. त्यांनी गुपचूप कंपन्यांना एकत्र आणलं आणि ८ जुलैला सगळ्यांनी एकदम पॅच सोडले. तपशील महिनाभर कुणी फोडू नये अशी त्यांची विनंती होती. तो दोन आठवड्यांच्या आत बाहेर आला. तरी जी मुदत मिळाली तिने फार मोठं काम केलं. हल्ली बहुतेक ठिकाणी ९० दिवसांची मुदत देतात. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या भोकं शोधणाऱ्या गटामुळे हा आकडा रूढ झाला. माझं मत विचाराल तर मुदत हवीच. मुदतीशिवाय दिलेली माहिती समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, आणि तेच भोक दुसऱ्या कुणालाही सापडू शकतं.

भला हॅकर म्हणजे पांढरी टोपी, वाईट म्हणजे काळी टोपी, ही भाषा मी वापरत नाही. टोपी माणसाची नसते, त्या त्या कृतीची असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा प्रोग्राम जगभर पसरत होता, ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं बंद पडली होती. मार्कस हचिन्स या तरुणाने त्याचा कोड तपासताना पाहिलं की तो आधी एका विचित्र नावाच्या डोमेनशी संपर्क करून बघतो. ते डोमेन कुणाच्याच नावावर नव्हतं. त्याने काही डॉलर भरून नोंदवून टाकलं आणि प्रसार थांबला. तीनच महिन्यांत त्याला अटक झाली, पोरवयात बँकेचे तपशील चोरणारा प्रोग्राम लिहिल्याबद्दल. दोन आरोप त्याने कबूल केले. न्यायाधीशांनी पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. त्याला कुठली टोपी घालायची? आणि वॉनाक्राय ज्या भोकातून पसरला त्याचं हत्यार मुळात अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेकडचं होतं. ते तिथून फुटलं. एखादी सरकारी संस्था दार उघडं सापडल्यावर घरमालकाला न सांगता किल्ली खिशात ठेवते, तेव्हा तिची पाच मिनिटं वर्षानुवर्षं चालतात. हॅकरला नीती शिकवणारे या बाबतीत फारसं बोलत नाहीत.

परवानगी फक्त यंत्राची घ्यायची असते असंही समजू नका. २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांवर लिनक्सवाले, म्हणजे लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम मिळून लिहिणारी मंडळी, भडकले. तपासणारे चूक पकडतात का हे बघायला त्यांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. प्रश्न चांगला होता, पण ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या नव्या कामाला दार बंद झालं आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. तेव्हा हे कुणाला फार कडक वाटलंही असेल, पण २०२४ नंतर मुळीच वाटू नये. त्या वर्षी 'एक्सझेड' या छोट्याशा पण लिनक्समध्ये जिथेतिथे असलेल्या लायब्ररीत, म्हणजे दुसरे प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, चोरदरवाजा सापडला. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं नेकीने काम केलं होतं, थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. "पदवी विचारू नका, काम बघा" ही आमची सगळ्यांत सुंदर रीत. हल्लेखोर तिच्यातूनच आत आला. आणि सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला दिसलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. त्याला राहवलं नाही. टेबलाखाली तारा जोडणाऱ्यांचं तेच ते न राहवणं.

कौशल्याने काम करतो तो हॅकर, फोडाफोडी करतो तो क्रॅकर, असं म्हणावं की नाही हा वाद मी सोडून दिला आहे. वर्तमानपत्रं सगळ्यांनाच हॅकर म्हणतात, तीच जिंकली.

आता तुमची पावती. या भोकाला आमच्यात 'आयडॉर' म्हणतात. सर्व्हर पावती देतो, पण मागणारा तिचा मालक आहे का हे तपासत नाही. दिसायला बाळबोध, पण मला आजही महिन्यातून एकदा तरी सापडतं. तुम्ही आकडा एकदा वाढवलात, दुसऱ्याची पावती दिसली. इथे थांबला असाल तर उत्तम. बहुतेकांचा पाय इथून पुढे घसरतो. "कंपनीला गांभीर्य कळावं" म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहितात आणि हजार पावत्या उतरवून घेतात. एक पावती हा पुरावा आहे. हजार पावत्या हा चोरीचा माल आहे, आणि हेतू काय होता ते पोलिसांना लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दिसत नाही. पुढच्या वेळी तपासायचंच असेल तर स्वतःची दोन खाती उघडा आणि एकातून दुसऱ्याची पावती दिसते का ते बघा. मात्र तपासायला परवानगी आहे असं कंपनीने जाहीर केलेलं असेल तरच. परवानगीविना आत शिरणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, मन कितीही साफ असो. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये प्रामाणिक संशोधकांवर खटले न भरण्याचं धोरण जाहीर केलं, पण ते त्यांच्यापुरतं. तुमच्या देशाचा कायदा बघा.

कळवा, नक्की कळवा. साइटच्या पत्त्यापुढे 'वेल-नोन' फोल्डरमध्ये 'सिक्युरिटी डॉट टेक्स्ट' नावाची फाइल (/.well-known/security.txt) असते का बघा. सुरक्षेबाबत कुणाला लिहायचं ते तिच्यात असतं. नसेल तर ग्राहकसेवेकडे सुरक्षेचं काम पाहणाऱ्याचा पत्ता मागा, तपशील त्यांना देऊ नका. मेलमध्ये वेळ, कोणता पत्ता उघडला, काय दिसलं, किती पावत्या पाहिल्या, एवढंच. पहिल्या मेलमध्ये बक्षिसाचं नाव काढू नका. "माहिती आहे, काय द्याल?" हे वाक्य कुठल्याही भाषेत खंडणीसारखंच वाचलं जातं. धमकीही नको. पंधरा दिवस थांबा, एकदा आठवण करा. तरी शांतता असेल तर तुमच्या देशाच्या सर्टकडे, म्हणजे अशा घटनांसाठी असलेल्या अधिकृत पथकाकडे द्या. मॉरिसच्या प्रकरणानंतरच असली पथकं निघू लागली. आभाराऐवजी वकिलाची नोटीस येण्याचीही तयारी ठेवा. मला एकदा आली होती. मी मूळ मेल जोडून शांतपणे उत्तर दिलं आणि प्रकरण मिटलं. पण तो मेल सभ्य होता म्हणून मिटलं.

आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडाल, तर त्या माणसाचं नाव, नंबर आणि पत्ता आधी काळा करा. कंपनीला पावतीचा क्रमांक पुरतो. मेल पोहोचल्याचं कळलं की तुमच्याकडची प्रत पुसून टाका, फोनच्या बॅकअपमधलीसुद्धा.